दोन पत्रे आणि पंधरा चुंबकं : अनिश्चित रचनेच्या कंपनांच्या प्रकल्प नोंदी

५ जून

पत्रा आला. ८ बाय ४ फुटी सीआर (कोल्ड रोल्ड) शीटमधून १.२ मीटर बाय ०.८ मीटरचा तुकडा कापून घेतला. जाडी नावाला १ मिलिमीटर. मायक्रोमीटर कडेकडेने फिरवला, तर कुठे १.०० तर कुठे ०.९८. दुकानदाराच्या हिशेबाने माल चोख आहे, आणि तो खरंच चोख आहे. एवढा फरक कोणीही चालवून घेतं. आमचा सगळा प्रकल्प मात्र या दोन शतांश मिलिमीटरमध्ये दडलेला आहे.

पत्रा वाकून थरथरतो तेव्हा त्याच्या फ्रिक्वेन्सी जाडीच्या सरळ प्रमाणात असतात. जाडीत २ टक्के फरक पडला की ५०० हर्ट्झचा मोड, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला थरथरण्याची पत्र्याची स्वतःची ढब, १० हर्ट्झने सरकतो. या मापाच्या पोलादी पत्र्यात लागोपाठच्या दोन मोडमध्ये सरासरी ३.३ हर्ट्झचं अंतर असतं. म्हणजे ज्या मोडवर बोट ठेवायचं, तो तीन घरं ओलांडून गेलेला. अशा वेळी फायनाइट एलिमेंटचं, म्हणजे पत्र्याचे छोटे चौकोन करून संगणकावर सोडवण्याच्या रीतीचं, जाळं कितीही बारीक करा, ५०० हर्ट्झला जे उत्तर येईल ते आपल्या पत्र्याचं नसतं; त्याच्यासारख्या कुठल्या तरी दुसऱ्या पत्र्याचं असतं.

जाळ्याचाही हिशेब करून ठेवला. १००० हर्ट्झला वाकण्याच्या लाटेची लांबी जवळपास १० सेंटिमीटर. एका लाटेला दहा एलिमेंट धरले तर १ सेंटिमीटरचा चौकोन, म्हणजे १२० गुणिले ८०, एकूण ९६०० एलिमेंट. लॅपटॉपला हे काहीच नाही. अडचण संगणकाच्या ताकदीची नाहीच.

सरांनी प्रश्न असा मांडून दिला आहे: एका पत्र्याचं उत्तर सोडून द्या. अशा पत्र्यांचं अख्खं कुटुंब घ्या, आणि त्याची सरासरी व पसारा आधीच सांगता येतो का ते बघा. अट एकच. हजारो नमुने संगणकावर चालवायचे ते फक्त पडताळ्यासाठी. भाकीत त्यांच्याशिवाय आलं पाहिजे.

९ जून

मोड मोजले. चारही कडा साध्या टेकलेल्या धरल्या तर आयताकृती पत्र्याचं सूत्र पाठ्यपुस्तकातलं आहे, त्यामुळे खरी मोजणी करता येते. पहिला मोड ५.५ हर्ट्झला, आणि १००० हर्ट्झपर्यंत एकूण २८९.

आता अंदाजाने. गणिती हेर्मान वाइलने १९११ मध्ये दाखवलं की वरच्या फ्रिक्वेन्सींना मोडची संख्या फक्त क्षेत्रफळावर ठरते, आकारावर नाही. त्या हिशेबाने ३०७ येतात. कडेची वजावट केली की २८७. खरे २८९, अंदाज २८७, आणि अंदाजाला पत्रा चौकोनी आहे की गोल हे ठाऊकसुद्धा नाही! पत्र्याच्या बाबतीत आणखी एक सोय आहे: दर हर्ट्झमागे मोडची संख्या फ्रिक्वेन्सीनुसार बदलत नाही. खाली-वर सगळीकडे ०.३०७.

यादी चाळताना एक गंमत सापडली. आडवे ३ आणि उभे ४ अर्धलाटांचा मोड ७६.८३ हर्ट्झला आहे, आणि ६ व २ चा मोडही बरोबर ७६.८३ लाच. योगायोग नाही; लांबी-रुंदीचं गुणोत्तर ३:२ असल्यामुळे अशा जोड्या निघतात. या जोडीवर नजर ठेवायची आहे.

१४ जून

कुटुंब कसं तयार करायचं? पत्र्याची जाडी हवी तशी बदलता येत नाही. म्हणून जुनीच युक्ती: पत्रा तोच, त्यावर छोटी वजनं कुठेही चिकटवायची, आणि दर वेळी जागा बदलायच्या. पत्रा पोलादी असल्याने चुंबकं चालतात. ५० ग्रॅमची १५ चुंबकं, एकूण ७५० ग्रॅम. पत्र्याचं वजन ७.५४ किलो, म्हणजे साधारण दहावा हिस्सा.

कोड छोटा झाला. मोकळ्या पत्र्याचे पहिले १००० मोड घेतले. त्यांच्या भाषेत कडकपणाचं मॅट्रिक्स कर्णावर सरळ बसतं, आणि प्रत्येक चुंबक वस्तुमानाच्या मॅट्रिक्समध्ये एकच भर घालतं. चुंबकांच्या जागा यादृच्छिक निवडायच्या, आयगेनव्हॅल्यू (त्यांवरून मोडच्या फ्रिक्वेन्सी मिळतात) काढायच्या, पुन्हा नव्या जागा.

चालवण्याआधी कागदावर अंदाज. चुंबकांमुळे सगळेच मोड साधारण ५ टक्क्यांनी खाली येतील, ते बिनमहत्त्वाचं. महत्त्वाचं हे की जागा बदलल्यावर एखादा मोड किती मागेपुढे होतो. पहिल्या पायरीचं गणित सांगतं, १.४ टक्के प्रमाण विचलन. या हेलकाव्याची दुप्पट घेऊन तिला दोन मोडमधल्या सरासरी अंतराने भागलं की जो आकडा मिळतो, त्याला स्टॅटिस्टिकल ओव्हरलॅप फॅक्टर म्हणतात. ही कल्पना बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले सी. एस. मनोहर आणि अँडी कीन यांच्या १९९० च्या दशकातल्या कामातली. आमच्या पत्र्यात हा आकडा ११३ हर्ट्झच्या आसपास १ होतो. त्याच्या वर ‘हा अमुक मोड’ असं ओळखून बोलण्यात अर्थ उरत नाही. एका नमुन्यातला पस्तिसावा मोड दुसऱ्या नमुन्यातल्या छत्तिसाव्याच्या जागी असतो.

२० जून

नमुने चालले. ४०० ते १००० हर्ट्झमधल्या सगळ्या शेजारी मोडमधली अंतरं घेतली, सरासरीने भागली, आलेख काढला.

मोकळ्या आयताकृती पत्र्याची अंतरं बेशिस्त असतात. मोड एकमेकांची पर्वा न करता पडलेले, त्यामुळे घोळके आणि मोठमोठ्या फटी. सरासरीच्या दहाव्या हिश्शापेक्षा जवळ असलेल्या जोड्या या हिशेबात ९.५ टक्के यायला हव्यात, आणि त्या तशा आल्याही. चुंबकं लावल्यावर मात्र आलेखाची डावी बाजू जवळजवळ रिकामी झाली. सिद्धांत इथे ०.८ टक्के सांगतो. मोड एकमेकांना ढकलतात. ७६.८३ ची ती जोडी एकाही नमुन्यात एकत्र राहिली नाही.

डावीकडे रिकामा असा हा वक्र भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नरचा. १९५० च्या दशकात जड अणुकेंद्रकांच्या ऊर्जापातळ्यांचा विचार करताना त्याने सरळ सांगून टाकलं की केंद्रकात नेमकं काय चाललंय ते विसरा, मॅट्रिक्समध्ये यादृच्छिक आकडे भरा, फक्त ते सममित ठेवा. पातळ्यांची अंतरं बरोबर येतील. या मॅट्रिक्सचं गणित पुढे रचणाऱ्यांत मदन लाल मेहता हे भारतीय नाव अग्रभागी आहे. आणि १९८९ मध्ये रिचर्ड वीव्हरने अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यांत अल्ट्रासाउंड सोडून तोच वक्र धातूत मोजून दाखवला. अणुकेंद्रक आणि पत्रा यांचं नातं काहीच नाही. दोघांत समान एवढंच, की सममिती मोडलेली आहे आणि लाटा भरपूर विखुरतात.

आमचा आलेख विग्नरच्या वक्राला अगदी चिकटत नाही, किंचित डावीकडे राहतो. पंधराच चुंबकं आहेत, हरकत नाही.

२८ जून

आज ज्युनिअरने पॉलिनॉमिअल केऑस सुचवलं. अनिश्चित राशींच्या बहुपदींत उत्तर मांडायचं आणि सहगुणक काढायचे. १५ चुंबकं, प्रत्येकाच्या दोन मिती, म्हणजे ३० राशी. तिसऱ्या घातापर्यंतच गेलो तरी ५४५६ पदं. आणि तिसरा घात पुरणार नाही, कारण चुंबक सरकलं की शिखर जागेवरून उडून जातं. बहुपदींना ही उडी पकडता येत नाही. खालच्या फ्रिक्वेन्सीला, दोन-चार राशी असतील तिथे ही पद्धत उत्तम. इथे नको.

क्रिस्तियाँ स्वाझ यांची २००० सालची रीत जास्त मोहक आहे: राशी मोजतच बसू नका, कमी केलेल्या मॉडेलची वस्तुमान आणि कडकपणाची मॅट्रिक्सच यादृच्छिक करा, आणि माहीत असेल तेवढं पाळून बाकी सगळं जास्तीत जास्त अनिश्चित ठेवा. तिच्यात पसाऱ्याचा एक आकडा बाहेरून द्यावा लागतो. तो कुठून आणायचा हा आमचा प्रश्न तसाच राहतो, म्हणून बाजूला ठेवली.

५ जुलै

आजची नोंद लांबणार.

चुंबकं ५० ऐवजी १०० ग्रॅमची केली. अपेक्षा सरळ होती: अनिश्चितता वाढली, पसारा वाढेल. १०० हर्ट्झच्या खाली तसंच झालं, पसारा चांगलाच फुगला. ४०० च्या वर काहीच झालं नाही. मग चुंबकांची संख्या पंधराची वीस केली. वर काहीच नाही. मग जागा निवडण्याची पद्धत बदलली. पत्राभर सारखी शक्यता न ठेवता मध्याकडे झुकती ठेवली. खालचा भाग बदलला, वरचा ढिम्म.

कारण शोधताना चुंबकाकडे नीट पाहिलं. पत्र्याला एका बिंदूत हलवायला जो विरोध होतो, तो अनंत पसरलेल्या १ मिलिमीटर पोलादी पत्र्यासाठी ९८ न्यूटन-सेकंद प्रति मीटर आहे. ५० ग्रॅम वस्तुमानाचा स्वतःचा विरोध फ्रिक्वेन्सीबरोबर वाढत जातो आणि ३१३ हर्ट्झला तो पत्र्याच्या बरोबरीला येतो. त्याच्या वर चुंबक हे वजन राहत नाही, तो खिळा होतो. पत्रा तिथे जवळपास बांधलेला. आता खिळा ५० ग्रॅमचा की १०० चा, याने लाटेला काय फरक पडतो? ती आपटते आणि विखुरते.

म्हणजे पसारा एका मर्यादेपर्यंत वाढतो आणि तिथे थांबतो. अनिश्चितता कशाची आहे, किती आहे, तिचा वितरण-वक्र कोणता, हे सगळं त्या मर्यादेपलीकडे पुसलं जातं. मला हे या विषयातलं सगळ्यात कामाचं सत्य वाटतं. कारण प्रत्यक्षात ही माहिती कोणाकडेच नसते. वेल्डची ताकद, पत्र्याचा ताण, रबराचं वय, स्क्रू किती आवळला: यांचे वितरण-वक्र कोणत्या कारखान्याने मोजून ठेवले आहेत? शोधनिबंधांत ‘यंग मॉड्युलस नॉर्मल वितरणाचा, विचलन ५ टक्के’ असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. ते ५ टक्के लेखकाच्या मनातले असतात. वरच्या पट्ट्यात ते लिहायची गरजच नाही, आणि खालच्या पट्ट्यात लिहून भागत नाही, मोजावे लागतात.

सर म्हणाले, हेच वाक्य प्रबंधात घाल, फक्त ‘बिनदिक्कत’ काढ.

१२ जुलै

सरासरी. ही सोपी निघाली, इतकी की संशय यावा.

एका बिंदूत ठरावीक बल लावलं तर पत्र्यात किती शक्ती जाते? कुटुंबाची सरासरी घेतली की उत्तर अनंत पत्र्याचं येतं. कडा, चुंबकं, आकार, काहीच लागत नाही. १ न्यूटनला १०.२ मिलिवॅट. आत आलेली शक्ती डॅम्पिंगमध्ये, म्हणजे कंपन हळूहळू विझण्यात, जाते. लॉस फॅक्टर (हे विझणं किती जोरात होतं त्याचा आकडा) ०.०१ धरला तर ५०० हर्ट्झला पत्र्याची सरासरी गती साडेसहा मिलिमीटर प्रति सेकंद. पाकिटाच्या पाठीवर मावेल असं गणित, आणि नमुन्यांची सरासरी त्याच्यावर येऊन बसली.

ही विचारसरणी स्टॅटिस्टिकल एनर्जी अ‍ॅनालिसिसची, म्हणजे एसईएची. १९५९ च्या सुमारास रिचर्ड लायन आणि प्रेस्टन स्मिथ यांनी वेगवेगळ्या वाटांनी तिची सुरुवात केली. लायनने जोडलेल्या दोन दोलकांमधला शक्तीचा प्रवाह मांडला, स्मिथने ध्वनीने थरथरणाऱ्या दोलकाला एक कमाल मर्यादा असते हे दाखवलं. गरज रॉकेटची होती. उड्डाणाच्या आवाजाने आतली उपकरणं हादरत, आणि सॅटर्न यानाला ० ते २००० हर्ट्झमध्ये ५ लाखांच्या आसपास मोड असावेत असा अंदाज होता. त्या काळचे संगणक कशाला, आजचेही ते एकेक करून सोडवायला बसणार नाहीत. आणि सोडवलेच तर ते कोणत्या यानाचे? लायनने मोड सोडले आणि ऊर्जा धरली. उष्णता गरमाकडून थंडाकडे वाहते तशी कंपनाची ऊर्जा जास्त मोडल ऊर्जेकडून कमीकडे वाहते. तापमानाच्या जागी दर मोडमागची ऊर्जा.

एसईएची तक्रार वर्षानुवर्षं एकच: सरासरी देते, पण माझं यंत्र सरासरीपासून किती लांब असेल हे सांगत नाही. लायनने १९६९ मध्येच पसाऱ्यालाही हात घातला होता, पण त्याचं गणित बहुतांशी मोड बेशिस्त पडलेत असं धरून होतं. २० जूनची नोंद पाहा. ते बेशिस्त नसतात.

१९ जुलै

पसाऱ्याचं सूत्र केंब्रिजच्या रॉबिन लँग्ली आणि ए. डब्ल्यू. एम. ब्राउन यांचं, २००४ सालचं. त्यात विग्नरचे ढकलणारे मोड घेतलेत. लागतं फक्त मोडल ओव्हरलॅप: फ्रिक्वेन्सी गुणिले लॉस फॅक्टर गुणिले मोडची घनता. एका शिखराच्या रुंदीत किती मोड मावतात, तेवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे तो ३२६ हर्ट्झला १ होतो आणि १००० ला ३.

एकच बिंदूबल, एकच फ्रिक्वेन्सी:

३२६ हर्ट्झला ऊर्जेचं प्रमाण विचलन सरासरीच्या ८५ टक्के. डेसिबलमध्ये ३ च्या जरा वर.

१००० हर्ट्झला ४७ टक्के, सुमारे २ डेसिबल. मोड बेशिस्त धरले असते तर ५६ टक्के आले असते.

म्हणजे १००० हर्ट्झलासुद्धा शंभरातले पंचाण्णव पत्रे सरासरीच्या वरखाली जवळपास ४ डेसिबलच्या पट्ट्यात विखुरलेले असणार, आणि यातला एकही पत्रा बिघडलेला नाही. या पट्ट्याच्या आतल्या फरकाचं ‘कारण’ शोधत बसण्यात किती इंजिनिअरांचे किती दिवस गेले असतील कोण जाणे.

नमुन्यांतून आलेला पसारा सूत्रापेक्षा थोडा कमी आहे. सूत्रात मोडच्या आकाराचा एक आकडा असतो. मोडचा आकार पूर्ण यादृच्छिक असेल तर तो ३, शुद्ध साइन लाटांचा असेल तर २.२५. आमचे मोड मधले कुठले तरी. आकडा ३ च्या जरा खाली धरला की दोन्ही वक्र जुळतात. जुळवून घेतलं असं कोणी म्हणेल, म्हणोत. पत्र्यापत्र्याला बदलावा लागला तर ते जुळवणं, एकदाच ठरवून सगळीकडे चालला तर ते मोजमाप.

२ ऑगस्ट

लॅबमध्ये मांडणी. साध्या टेकलेल्या कडा कागदावरच शोभतात, खऱ्या करणं महाकठीण. म्हणून पत्रा नायलॉनच्या दोरीने टांगला, कडा मोकळ्या. मोडची संख्या थोडी वाढते. कडेची वजावट होती तिथे आता भर. वरच्या पट्ट्यात बाकी काही बदलू नये असा आमचाच दावा आहे, तेव्हा ही चांगलीच परीक्षा.

नुसता टांगलेला पत्रा हातोडी मारल्यावर देवळातल्या घंटेला लाजवेल इतका वेळ वाजत राहिला. लॉस फॅक्टर हजारात एकच्या आसपास असेल तर ५०० हर्ट्झला आवाज ६० डेसिबल उतरायला ४.४ सेकंद लागतात. आम्हाला हवा ०.०१, म्हणजे ०.४४ सेकंद. गाड्यांच्या दारात आतून लावतात ते बिटुमेनचे पॅड आणून तुकडे चिकटवत गेलो, दर वेळी उतार मोजत. पॅडनी वजन वाढलं, ते हिशेबात धरलं.

अ‍ॅक्सेलरोमीटर निवडताना ५ जुलैचं गणित कामी आलं. १० ग्रॅमचा सेन्सर १५६० हर्ट्झला खिळा होतो. १००० ला तो आपल्या परीने पत्रा बांधायला लागलेला असतो. २ ग्रॅमचा ७.८ किलोहर्ट्झपर्यंत सभ्य राहतो. तोच लावला.

चुंबकाखाली पातळ दुहेरी टेप हवी. पत्रा पूर्ण सपाट नसतो, चुंबकाची कड उचललेली राहते आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला तडतडते. ही सूचना लॅबच्या मामांची. त्यांनी एकदा कान देऊन ऐकलं आणि टेपची गुंडाळी पुढे केली.

संध्याकाळी साडेसहानंतर काम बंद. मैदानावर ढोल पथकाचा सराव सुरू झाला की टांगलेला पत्रा माइकसारखा वागतो. १०० हर्ट्झच्या खाली कोहेरन्स (मोजलेल्या कंपनातलं किती आपल्याच ठोक्याचं आहे त्याचं माप) ढासळतो. गणपती होईपर्यंत मोजमाप सकाळीच.

९ ऑगस्ट

चुंबकं हलवा, ठोका, नोंद घ्या, पुन्हा हलवा. दर मांडणी म्हणजे कुटुंबातला एक नवा पत्रा. ठोक्याचा बिंदू कडेपासून चांगला आत ठेवला, कारण मोकळ्या कडेला पत्रा कितीतरी सहज हलतो आणि तिथे अनंत पत्र्याचा आकडा लागू होत नाही.

सगळे आलेख एकमेकांवर टाकले. १०० हर्ट्झपर्यंत सुटी, ओळखू येणारी शिखरं, थोडी डावी-उजवी. पुढे रेषांचा गुंता, आणि ४०० नंतर गुंत्याला एकसारखी जाडी. सरासरी रेषा १ न्यूटनला १० मिलिवॅटच्या आसपास चालते. गुंत्याची जाडी सूत्राच्या पट्ट्यात बसते आणि उजवीकडे निमुळती होत जाते, हवी तशी.

३०० च्या खाली सूत्र जास्त पसारा सांगतं, पत्रा कमी दाखवतो. बरोबरच आहे; तिथे चुंबकं अजून खिळे झालेली नाहीत, कुटुंबातली भावंडं एकमेकांसारखी दिसतात. ११३ ते ३१३ हा मधला पट्टा कोणाचाच नाही. खालून मोड मोजत येणारी पद्धत तिथे दमते आणि वरून येणारी अजून पोचलेली नसते. गाड्यांच्या आवाजाच्या बऱ्याच तक्रारी याच मधल्या पट्ट्यात असतात, हे आणखी एक.

१६ ऑगस्ट

दुसरा पत्रा, सध्या संगणकावरच. ०.८ बाय ०.६ मीटर, जाडी १.५ मिलिमीटर. मोडची घनता पहिल्याच्या बरोबर तिसरा हिस्सा. दोघांना तीन स्प्रिंगांनी जोडलं, प्रत्येकीचा कडकपणा १६५ न्यूटन प्रति मिलिमीटर.

स्प्रिंगच्या टोकांना दोन अनंत पत्रे आहेत असं धरून ५०० हर्ट्झचा कपलिंग लॉस फॅक्टर (एका पत्र्यातून दुसऱ्यात ऊर्जा किती सहज जाते त्याचा आकडा) काढला: पहिल्याकडून दुसऱ्याकडे ०.००१. उलट दिशेला तो वेगळ्याने काढला तर ०.००३ आला. घनतेचं गुणोत्तर ३ आणि हाही तिप्पट. एसईएत ही अट गृहीत धरतात. इथे ती आपोआप निघाली.

दोघांचा लॉस फॅक्टर ०.०१ असताना दुसऱ्या पत्र्यात पहिल्याच्या तेराव्या हिश्शाएवढी ऊर्जा, ११ डेसिबल खाली. जोड कितीही घट्ट केला तरी ती तिसऱ्या हिश्शाच्या वर जाणार नाही, कारण मोड तेवढेच आहेत. नमुन्यांची सरासरी जुळली. दुसऱ्या पत्र्याचा पसारा पहिल्यापेक्षा बराच मोठा आहे, आणि असणारच: ऊर्जेला तिथे पोचायला आधीच एक अनिश्चित पत्रा पार करावा लागतो.

२३ ऑगस्ट

पुढचा टप्पा ठरला. दोन पत्र्यांच्या मध्ये स्प्रिंगांऐवजी एल अँगलची चौकट. ती ताठ, १००० हर्ट्झपर्यंत तिला मोजके मोड, आणि तिच्यातली अनिश्चितता नगण्य. तिला एसईएत कोंबणं चूक आणि पत्र्यांना फायनाइट एलिमेंटमध्ये पसरवणं व्यर्थ. फिल शॉर्टर आणि लँग्ली यांची २००५ ची संकरित पद्धत नेमकी इथे बसते: चौकट जशीच्या तशी ठेवायची, तिच्या कडेला अनंत पत्रे लावायचे, आणि पत्र्यातून परतून येणाऱ्या विखुरलेल्या लाटांचा रेटा पत्र्यातल्या ऊर्जेवरून काढायचा. त्या रेट्यासाठी पत्र्याच्या आतलं काहीही माहीत असावं लागत नाही, जोडाच्या जागी पत्रा किती विरोध करतो एवढंच. लँग्ली आणि कोटोनी यांनी २००७ मध्ये यात पसाराही बसवला.

ज्युनिअरने विचारलं, हे सगळं कंपनीत कोण वापरणार, तिथे तर एक गाडी मोजतात आणि मॉडेल जुळवत बसतात. त्याला कोम्पेला आणि बर्नहार्ड यांचा १९९३ चा प्रयोग दाखवला. एकाच मॉडेलच्या ९९ इसुझू रोडिओ गाड्या, सगळ्या सारख्याच घडवलेल्या. प्रत्येकीवर तेच मोजमाप, चालकाच्या कानाजवळ माइक. ९९ रेषांचा तो गुंता पाहिला आणि तो गप्प झाला, मग म्हणाला की यातली कोणती गाडी ते मॉडेलशी जुळवायला घेतील? काही फ्रिक्वेन्सींना त्या रेषांमध्ये १० डेसिबलहून जास्त अंतर आहे.

अहवालातला मुख्य आलेख त्यामुळे बदलला. एकेरी रेषा काढून टाकली. सरासरी आणि तिच्याभोवती ९५ टक्क्यांचा पट्टा, ३१३ हर्ट्झच्या डावीकडे पट्टा तुटक रेषेत. अँगलचे दोन मीटरचे तुकडे मामांकडे कापायला दिलेत. वेल्ड करायचे की बोल्ट, ते अजून ठरायचं आहे. माझं मत बोल्टला, कारण आवळण्याचा जोर बदलून चौकटीतली अनिश्चितता आपल्या हाताने वाढवता येईल, आणि मग तिला ‘नगण्य’ म्हणणं कुठपर्यंत टिकतं ते मोजता येईल.